बेचिराग गावातली दोन घरं

सरजाबाईच्या दारात अनोळखी माणूस आलं की ती आधी दगड उचलते आणि मग विचारते, "कोण हाय?" ओळखीचं निघालं तरी दगड लगेच खाली पडत नाही. वय अडुसष्ट, एका डोळ्यात मोतीबिंदू उतरलेला, आणि आवाज असा की ओढ्यापलीकडं रानात निंदणी करणाऱ्या बायका मान वर करून बघतात. झरीच्या बाजारात तिला ओळखणारे भाजी-माळवंवाले तिच्याशी वाद घालत नाहीत. "हिवरटेकची हाय," एवढंच एकमेकांना सांगतात.

सरकारी दप्तरात मात्र हिवरटेकला कोणी राहत नव्हतं. ज्या गावात दिवा लागत नाही त्याला निजामाच्या काळापासून आपल्याकडं एक शब्द आहे, बेचिराग. महसुली कागदावर हिवरटेकच्या नावापुढं तो कधी पडला हे कोणालाच सांगता येत नाही. प्रत्यक्षात तिथं दोन घरं होती. एक सरजाबाईचं, दुसरं बन्सीधरचं. माणसं पाच. आणि ही दोन घरं एकोणीस वर्षं एकमेकांशी भांडणाशिवाय बोलत नव्हती.

गाव बसलंय पांढऱ्या मातीच्या, पांढरीच्या टेकावर. खाली चहूबाजूंनी काळं रान, एका अंगाला ओढा. उन्हाळ्यात त्या रानाला अशा भेगा पडतात की शेळीचा पाय अडकतो, आणि पावसाळ्यात तोच चिखल चप्पल ओढून घेतो. ओढ्यावर पूल नाही. झरीकडं जायचं तर ओढा उतरून धानखेड्यातून जावं लागतं, आणि सारी गोष्ट तिथंच येऊन अडते.

सरजाबाई मूळची सेलूकडची. पंधराव्या वर्षी सीतारामशी लग्न होऊन ती हिवरटेकला आली तेव्हा गावात एकेचाळीस घरं होती. ती मोजली कोणी? तिनंच. लग्नानंतर पाचव्या दिवशी सासूनं तिला नवी सून म्हणून घरोघर पाया पडायला नेलं. वरच्या आळीतल्या घरांपुढं लांबूनच, अंगणाच्या कडेला थांबून. तेव्हापासून ती संख्या तिच्या डोक्यात बसली. सासरा सांगायचा, त्याच्या लहानपणी साठ घरं होती. मग एका वर्षी पटकी आली, मग रझाकारांच्या धामधुमीत लोक रानोमाळ झाले, आणि गेलेल्यांपैकी काही परतले, काही नाही.

पुढं एका पावसाळ्यात ओढ्याचं पाणी खालच्या आळीत शिरलं. सरकारनं धानखेड्याला सडकेच्या कडेनं प्लॉट पाडले. वरच्या आळीला उंचावरचे प्लॉट मिळाले. खालच्या आळीतल्या बौद्धांच्या नऊ घरांना, म्हणजे सीतारामलाही, मिळाला गावामागचा खड्डा, जिथं धानखेड्याचं सगळं सांडपाणी जमा होतं. सीताराम प्लॉट बघून आला आणि ओट्यावर बसून म्हणाला, "एका पाण्यातून उठून दुसऱ्या पाण्यात बसायला मी काय म्हैस हाय?" तो गेला नाही. बाकीचे हळूहळू गेले. कोणी खड्ड्यात भर टाकून घर बांधलं, कोणी थेट पुणं गाठलं. मारुतीची मूर्ती बैलगाडीतून वाजतगाजत गेली. शाळेत चारच पोरं उरली तेव्हा शाळाही उठली.

वरच्या आळीतला एकटा बन्सीधर राहिला. त्याच्या भावकीनं त्याच्या वाट्याचा प्लॉट आपल्या नावावर करून घेतला होता, त्या रागानं तो धानखेड्यात कोणाच्या दारात पाय ठेवत नसे. म्हणजे सीताराम मानासाठी राहिला आणि बन्सीधर रागासाठी. काही वर्षं दोघांचं बरं चाललं. पेरणीला एकमेकांची औतं यायची. बन्सीधरची बायको कस्तुराबाई सरजाबाईच्या हातचा चहाही प्यायची, तिची स्वतःची सासू मेल्यानंतर.

मग बैल मेला.

सरजाबाईनं कापसावर फवारायचं औषध पत्र्याच्या टिपात कालवून बांधावर ठेवलं होतं. बन्सीधरचा बैल दावं तोडून आला, टिपात तोंड घातलं आणि संध्याकाळच्या आत पाय खोडून मेला. बन्सीधर म्हणाला, मुद्दाम ठेवलं. सरजाबाई म्हणाली, तुझा बैल माझ्या रानात आला कामून? तो ठाण्यात गेला, तिच्या नावानं तक्रार दिली. शिपाई आला, पंचनामा करून गेला.

त्यानंतर महिन्याभरानं, भर श्रावणात, सकाळी वैरण काढताना सीतारामला साप चावला. ओढा दुथडी भरलेला. गाडीबैल असते तर पलीकडं नेता आलं असतं. गाडी होती बन्सीधरकडं. सरजाबाईचा मुलगा सिद्धोधन तेव्हा वीस वर्षांचा होता. तो पळत गेला.

"काका, गाडी द्या. बाबाला पान लागलंय."

बन्सीधर गोठ्यात उभा होता. त्यानं मोकळ्या दाव्याकडं बोट केलं. "गाडी हाय. बैल एकच हाय. दुसरा तुमीच मारला. तुझ्या आईला जुंप म्हनावं."

शेवटचं वाक्य तो बोलला नसता तर पुढची एकोणीस वर्षं वेगळी गेली असती का, कोण जाणे. एका बैलानं गाडी ओढली नसती हे खरंच होतं. पण सिद्धोधननं ते वाक्य जसंच्या तसं आईला सांगितलं. मायलेकरांनीच बाजेवर घालून सीतारामला ओढ्यापर्यंत नेलं. पाणी उतरायची वाट बघताना काठावरच तो गेला.

तेव्हापासून सरजाबाईच्या लेखी बन्सीधर खुनी, आणि बन्सीधरच्या लेखी ती बैलमारी. बांधावरून, पाण्यावरून, शेळीवरून, लिंबाच्या वाळलेल्या फांदीवरून भांडणं झाली. त्याची म्हैस तिच्या ज्वारीत, तिच्या कोंबड्या त्याच्या खळ्यात. दरवर्षी तो ठाण्यात नाहीतर तहसिलात एक-दोन अर्ज टाकायचा. तिला बोलावणं यायचं, ती जायची, साहेबासमोर त्याला शिव्या देऊन यायची आणि आलेला कागद चुलीत घालायची. सिद्धोधन पुण्याला चाकणकडं कामाला लागला. त्याची बायको रेणुका आणि मुलगी सृष्टी सरजाबाईपाशी राहिल्या, कारण सरजाबाई हलणार नव्हती आणि तिला एकटं सोडायची कोणाची हिंमत नव्हती.

यंदाच्या उन्हाळ्यात जनगणनेची घरयादी सुरू झाली. धानखेड्याच्या शाळेतल्या बबिता म्याडमकडं हा भाग आला. गळ्यात ओळखपत्र, हातात मोबाइल, डोक्यावर ओढणी, अशी ती दुपारी टेकावर चढली आणि सरजाबाईनं दगड उचलला.

"आजी, मी मास्तरीण आहे. सृष्टीला शिकवते."

"मंग शाळेत शिकव. हितं काय हाय?"

बबितानं खरं ते सांगितलं. तिला दिलेल्या कागदावर हिवरटेक बेचिराग होतं. ग्रामपंचायतीत तिला सांगितलं होतं की टेकावर दोन गोठे आहेत, माणूस नाही, नुसतं बघून या. सरजाबाईनं तिला हाताला धरून घरात नेलं. चूल दाखवली, हंडा दाखवला, भिंतीवरची बाबासाहेबांची तसबीर दाखवली, दोरीवर वाळणारा शाळेचा गणवेश दाखवला.

"गोठ्यात गणवेश वाळायलाय का? लिव्ह."

बबितानं सगळं नोंदवलं. मग बन्सीधरच्या घरीही जाऊन आली. जाताना ती दारात घुटमळली. शेवटी हळू आवाजात म्हणाली, "आजी, मी तुम्हाला मोजलं. पण ही माहिती गुप्त असते, कचेरीत पुरावा म्हणून चालत नाही. पंचायतीनं ठराव केलाय. गावठाणाची अकरा एकर पांढरी सोलरच्या कंपनीला द्यायची. इथं कोणी राहत नाही म्हणून. हरकतीला पंधरा दिवस दिलेत, त्यातले नऊ गेले. माझं नाव घेऊ नका. मला त्याच गावात नोकरी करायची आहे."

धानखेड्यात चालायचं ते दत्तरावचं. सरपंच त्याची सून होती, पण सही सोडली तर बाकीचं सगळं तोच करायचा. दुसऱ्याच दिवशी तो मोटारसायकलवर टेकावर आला. गाडी त्यानं सरजाबाईच्या अंगणात, सारवलेल्या जागेवर उभी केली.

"म्हातारे, मेलेल्या गावात किती दिवस बसतीस? सडकेला लागून जागा देतो. चल तिकडं."

"सडकेला लागून? का खड्ड्याला लागून?"

"जिथं देतो तिथं घे. लाईट हाय, नळ हाय. हितं मेलीस तर उचलायला चार माणसं मिळायची न्हाईत."

"माझा मालक मेला तवा तुझ्या गावातली चार आली होती का? गाडी काढ आधी. सारवलंय तिथं."

दत्तराव हसला. "तुझं रेशन कार्ड धानखेड्याचं, आधार धानखेड्याचं, मतदान धानखेड्याचं. कागदावर तू हितं न्हाईसच. नसलेल्या माणसाचं मी कशाला ऐकू?" तिथून तो पायीच बन्सीधरच्या घरी गेला. सरजाबाईनं बघितलं, कस्तुराबाईनं चहा बाहेर आणला, दत्तराव बाजेवर बसला, बन्सीधर मान हलवायलाय. झालं, इकलं गेलं, असं ती मोठ्यानं म्हणाली. त्या घरापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

पुढच्या चार दिवसांत हातपंपाचा दांडा कोणी काढून नेला. झरीला जाणारी जीप रेणुकाला बघून थांबेना. धानखेड्यातून येणारी पायवाट कोणी ट्रॅक्टरनं नांगरून टाकली, आणि सृष्टी ढेकळं तुडवत शाळेत जाऊ लागली. गिरणीवाल्यानं ज्वारी परत दिली, पट्टा तुटलाय म्हणाला. गिरणी चालूच होती. रेणुका शांत बाई. पण त्या दिवशी ज्वारीचं पोतं ओसरीत टाकून म्हणाली, "आत्या, कशासाठी हे? कुणाला दाखवायचंय?"

"तुला जायचंय तर जा."

"मी जायचं बोलले का?"

"तोंडावर दिसायलंय."

रेणुका रडली नाही. तिनं जातं झाडून पुसून घेतलं आणि दोघी समोरासमोर बसून दळू लागल्या.

हरकतीचा अर्ज रेणुकानंच लिहिला, मुदत संपायच्या आदल्या दिवशी. सरजाबाईनं अंगठा लावला. परभणीच्या कचेरीत सुनावणीची तारीख पडली.

कचेरीत दत्तरावसोबत ग्रामसेवक आणि चार माणसं होती. समोर नायब तहसीलदार, चष्मा लावलेला तरुण माणूस, शांतपणे ऐकणारा. ग्रामसेवकानं कागद मांडले. रेशन कार्ड, मतदार यादी, आधार. सगळीकडं धानखेडा.

"आजी, तुमच्याकडं हिवरटेकचा पत्ता असलेला काही कागद आहे?"

"मी हाय की. कागद कशाला पायजे? चला, घर दाखवते."

"घर आहे ते खरं असेल. पण हे म्हणतात तुम्ही फक्त शेतीच्या हंगामात तिथं असता. कायम राहता याचा पुरावा लागतो. लाइट बिल?"

"शेतातल्या डीपीवरून तार घेतलीय," रेणुका खाली बघत म्हणाली. दत्तरावची माणसं हसली.

"शेजारी कोणी? जो सांगेल की तुम्ही तिथंच राहता?"

 शेजारी एकच होता. रेणुकानं आदल्या दिवशी तिला विनवलं होतं, बन्सीधरकाकांना विचारू का? सरजाबाईनं तिला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू दिलं नव्हतं. आता ती साहेबाला म्हणाली, "शेजारी न्हाई. एक खुनी राहतो, त्याला मी इचारणार न्हाई."

"असं बोलू नका, इथं लिहिलं जातं."

"मंग लिव्हा."

तेवढ्यात दारातून आवाज आला. "साहेब, येऊ का?" बन्सीधर होता. धोतर, टोपी, काखेत पत्र्याची पेटी. मागं कस्तुराबाई. दत्तराव उठून त्याच्याकडं गेला, खांद्यावर हात ठेवला. "या बन्सीधरराव. साहेब, हे आमच्याच बाजूनं. हेबी धानखेड्यातच राहायलेत आता."

बन्सीधरनं खांदा झटकला. पेटी टेबलावर ठेवून उघडली. आत कागदांची चळत होती, सुतळीनं बांधलेली.

"साहेब, ही बाई लय वाईट हाय. हिनं माझा बैल मारला. एकोणीस वर्षं झाली मी हिच्या नावानं दरखास्त करायलोय. कोणी ऐकत न्हाई. हे समदे कागद. ठाण्याच्या पावत्या, तुमच्या कचेरीचे शिक्के, तलाठ्याचे पंचनामे. बघा."

साहेबानं वरचा कागद घेतला. मग दुसरा. मग मोठ्यानं वाचू लागला. "हिवरटेक येथे राहणारी सरजाबाई हिने माझ्या खळ्यात कोंबड्या सोडल्या... हिवरटेक येथील राहत्या घरासमोर सरजाबाईने मला शिवीगाळ केली... सरजाबाई, राहणार हिवरटेक, हिला समज देऊन सोडले..." दरवर्षीचे कागद होते. पावसाळ्यातले होते, हिवाळ्यातले होते, ऐन मे महिन्यातले होते. काहींवर याच कचेरीचा आवक शिक्का होता.

ग्रामसेवक खाकरला. "साहेब, हे वैयक्तिक भांडण आहे."

"हो," साहेब म्हणाला. "पण भांडायला दोन्ही माणसं तिथं असावी लागतात."

दत्तरावचा चेहरा काळा पडला. तो बन्सीधरला म्हणाला, "माझ्या घरचा चहा पिऊन..."

"चहा माझ्या घरचा होता," बन्सीधर म्हणाला. "तू आलता. मी मान हलवली ती ऐकायला येतंय म्हनून. तू म्हनलास, सही कर की तिथं कोणी राहत न्हाई. मंग माझा बैल कुठं मेला? कोणी राहतच न्हाई म्हनलं तर तो मेलाच न्हाई असं व्हतंय. मी एकोणीस वर्षं कोणाशी भांडायलोय, हवेशी?"

सरजाबाई बाकावर बसून हे ऐकत होती.  बैलाचं जे होतं तेच सीतारामचंही होतं. बेचिराग गावाच्या ओढ्याकाठी कोण मरणार? ही गोष्ट सरजाबाईला तोवर सुचली नव्हती, आणि ती सुचवली कोणी, तर त्या माणसानं. त्याचाच तिला जास्त राग आला.

आठ दिवसांनी मंडळ अधिकारी टेकावर येऊन पाहणी करून गेले. महिन्याभरात आदेश निघाला. हिवरटेकच्या गावठाणात कायम वस्ती असल्याचं दिसून येतं, सबब ठराव रोखण्यात येत आहे. बेचिराग हा शब्द काढायचा प्रस्ताव वर पाठवला आहे. तो अजून वरच आहे.

सुनावणीच्या दिवशी कचेरीबाहेर रसवंतीपाशी दोघं एकमेकांसमोर आले होते. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा मध्ये बांध नव्हता.

"माझ्यासाठी आला न्हाईस, कळतंय मला," सरजाबाई म्हणाली.

"तुझ्यासाठी कशाला यीन?"

"गाडीचं बोलला व्हतास ते..."

बन्सीधरनं काखेतली पेटी खाली ठेवली. मग म्हणाला, "बोललो व्हतो."  कस्तुराबाईनं पदर तोंडाला लावला. "एका बैलानं गाडी निघाली नसती," तो म्हणाला, "पर बाजंला खांदा देता आला असता."

सरजाबाईनं ते ऐकून घेतलं. माफ केलं असं नाही. तिनं रेणुकाला हाक मारली आणि ती रिक्षाकडं चालू लागली. दोन्ही घरं वेगवेगळ्या गाड्यांनी गावी आली.

धानखेड्यानं काही सोडलं नाही. पायवाट अजून नांगरलेलीच आहे. गिरणीवाला घेत नाही, म्हणून ज्वारी झरीला न्यावी लागते. पाऊस उतरल्यावर सिद्धोधन आला आणि म्हणाला, सृष्टीची शाळा बुडायलीय, दोघींना पुण्याला नेतो. सरजाबाई तीन दिवस उजाडल्यापासून रानातच राहिली. चौथ्या दिवशी तिनं स्वतःच पिशव्या बांधल्या, सृष्टीची वह्यापुस्तकं डोक्यावर घेतली आणि ओढा उतरून सडकेपर्यंत आली. सिद्धोधन म्हणाला, "आई, तूबी चल."

"मी आले तर माणसं किती राहतेत? दोन. आणि ती दोन त्याची."

सृष्टी रडायला लागली. सरजाबाईनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि एसटीच्या ड्रायव्हरवर खेकसली, गाडी नीट थांबव म्हणून.

परवा बबिता म्याडमचा फोन आला होता. खरी माणसांची मोजणी फेब्रुवारीत आहे, तेव्हा पुन्हा येईन, असाल ना आजी?

"न्हाई तर कुठं जाईन? ये. पर धानखेड्यात चहा पिऊन येशील तर उंबऱ्याच्या आत घेणार न्हाई. उपाशी ये."